उपास सोडू नका, साबुदाणा सोडा

वाचकाचं पत्र :

ताई, नमस्कार. मी राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ५८. आठ वर्षं साखरेचा आजार आहे, सकाळ-संध्याकाळ गोळ्या चालू आहेत, रक्तदाबाचीही एक आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून सोमवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या करते. श्रावण कडक पाळते. गेल्या एकादशीला दुपारी हातपाय थरथरायला लागले, दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारणीने साखर-पाणी पाजलं तेव्हा बरं वाटलं. पण व्रत मोडलं ही रुखरुख अजून जात नाही. मुलगा पुण्याला असतो. त्याने सरकारने काढलेलं आहाराचं ताट छापून आणलं आणि स्वयंपाकघरात चिकटवलं. म्हणतो, ‘आई, हे उपासतापास बंद कर, मासे-अंडी खा.’ यजमान म्हणतात, ‘बापजाद्यांनी केलं ते काय वेडे होते?’ आता गणपतीला सगळी येतील. सूनबाईला पाचवा महिना आहे आणि ती हरितालिका निर्जळी करायची म्हणते. सरकारचं ताट मानलं तर देवाचा अपराध होईल का? मी कुणाचं ऐकू?

उत्तर :

काकू, सप्रेम नमस्कार.

आधी त्या एकादशीच्या दुपारबद्दल. थरथर, घाम, अंधारी ही रक्तातली साखर एकदम उतरल्याची लक्षणं आहेत. शेजारणीने तुम्हाला वाचवलं. साखर ७० च्या खाली गेली आणि तशीच उतरत राहिली, तर माणूस बेशुद्ध पडू शकतं. झोपेत झालं तर घरातल्यांना कळतही नाही. पुन्हा कधी असं वाटलं तर तिथेच बसायचं आणि तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा तेवढीच घ्यायची. मग काहीतरी खायचं. ‘अजून दोन तास तर राहिलेत, चंद्रोदयाला घेईन’ असं करायचं नाही.

आणि व्रत मोडलं नाही. हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. महाभारतात विदुराच्या तोंडी एक श्लोक आहे आणि पुढे व्रतांवर लिहिणाऱ्या शास्त्रकारांनी तो आधाराला घेतलेला आहे : ‘अष्टौ तान्यव्रतघ्नानि आपो मूलं फलं पयः । हविर्ब्राह्मणकाम्या च गुरोर्वचनमौषधम् ॥’ आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य म्हणजे होमाला चालणारं साधं अन्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. त्या क्षणी तुमच्या तोंडात गेलेली साखर औषध होती. तुमच्या सकाळ-संध्याकाळच्या गोळ्याही औषधच, त्यामुळे ‘उपासाला गोळी चालते का’ हा प्रश्न मनातून काढून टाका. ती रुखरुख आता सोडा, काकू.

याच शास्त्रात आणखी एक सोय आहे. ज्याच्याने पूर्ण उपास होत नाही त्याने नक्त करावं म्हणजे रात्री एकदा जेवावं, नाहीतर एकभुक्त राहावं, नाहीतर हविष्यान्न घ्यावं, तेही जमत नसेल तर फळं, दूध, तीळ यांवर राहावं. आजारी माणसाचं व्रत नवऱ्याने, मुलाने, भावाने प्रतिनिधी म्हणून केलं तरी चालतं. पायरीपायरीने उतरण्याची ही वाट धर्मानेच आखून ठेवली आहे. चिपळूणजवळच्या परशुरामचे पां. वा. काणे, ज्यांना १९६३ साली भारतरत्न मिळालं, त्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचा मोठा धांडोळा घेतला आहे. आपल्याच मातीतल्या माणसाने हे सगळं मांडून ठेवलेलं असताना आपल्या बायका मात्र ‘सगळं किंवा काहीच नाही’ अशा धाकात उपास करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता गोळ्यांचं. पुढच्या उपासाआधी गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांकडे जा. पाकिटावर ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा ग्लिबेनक्लामाइड असं नाव असेल, तर ती गोळी पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढते. बहुतेक वेळा उपासाच्या दिवशीचा घात तिथेच होतो. नुसती मेटफॉर्मिन असेल तर हा धोका फार कमी. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा त्या गटातली एखादी असेल तर पाणी न पिता राहणं धोक्याचं, कारण शरीर कोरडं पडतं आणि रक्तात आम्ल वाढू शकतं. डॉक्टरांना स्पष्ट विचारा : ‘सोमवारी, संकष्टीला, एकादशीला यातली कुठली गोळी कमी करायची आणि कधी घ्यायची?’ आपल्या मनाने गोळी बंद करू नका. पुष्कळ बायका उपास आहे म्हणून गोळीही टाळतात आणि रात्री साबुदाण्याने साखर तीनशेवर नेतात.

मुलाने चिकटवलेल्या कागदाकडे वळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. एकूण १७ आहेत. त्यातलंच ते ताट. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्यांच्या जोडीला अंडी-मासे मिळून ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम आहे. ही वजनं कच्च्या जिनसांची, शिजल्यानंतरची नव्हेत. मुलाने हे सांगितलं नसेल तर घोटाळा होतो. आणि बसून काम असलेल्या बाईची गरज याच संस्थेने १६६० कॅलरी धरली आहे, म्हणजे तुमचा भात त्या कागदावरच्यापेक्षाही कमी हवा. मीठ दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सपाट एक चमचा, आमटी-भाजी-लोणचं सगळं धरून.

हे ताट नीट बघितलंत तर त्यात उपास करू नका असं कुठेही सांगितलेलं नाही. शाकाहारी माणसाने अंडी-मासे खायलाच हवेत अशीही सक्ती नाही. निम्मं ताट भाज्या-फळांचं असावं, धान्य निम्म्यापेक्षा कमी असावं, मीठ-साखर-तेल बेताचं असावं, एवढाच त्याचा आग्रह. आणि गीतेच्या सतराव्या अध्यायात काय आहे? आयुष्य, बळ, आरोग्य वाढवणारा, रसाळ, मनाला भावणारा आहार सात्त्विक. फार तिखट, फार आंबट, फार खारट, फार ऊन असा आहार राजस, आणि तो दुःख आणि रोग देणारा. सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी ग्रॅममध्ये जे लिहिलं त्याच्याशी याचं भांडण कुठे आहे ते मला दाखवा.

भांडण आहे ते आपल्या उपासाच्या ताटाशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वेफर्स, तळलेला चिवडा, साखर घातलेलं कोकम सरबत, वर दोन पेढे. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ पिठूळ गर. शंभर ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. चोथा जवळजवळ नाहीच. त्या खिचडीत अंगाला लागण्यासारखं काही असेल तर ते दाण्याचं कूट. साखरेच्या आजारात ती पांढऱ्या भातापेक्षा सौम्य नाही, उलट तुपात परतलेली आणि वर बटाटा घातलेली असते. आणि हा टॅपिओका, हा बटाटा, ती हिरवी मिरची, ते शेंगदाणे, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज आल्यानंतरच्या काळात ते आपल्याकडे पोचलं आणि रुजलं. ज्या ऋषींनी एकादशी सांगितली त्यांनी साबुदाणा पाहिलाही नव्हता. म्हणून यजमानांना सांगा की बापजादे वेडे नव्हतेच. त्यांच्या उपासात कंद होते, फळं होती, दूध होतं, वरी होती. साबुदाण्याची परात आपण मांडली.

मग एकादशीला काय खायचं? तुमच्या परसातच बघा. उकडलेला सुरण किंवा रताळ्याच्या दोन-तीन फोडी, सोबत वाटीभर दही किंवा दोन पेले ताक. लाल भोपळ्याची जिरं घातलेली भाजी. काकडी. एखादं पेरू किंवा पपईच्या फोडी, दुपारी शहाळं. वरीचे तांदूळ हवे असतील तर शिजलेले एक वाटी, त्यावर दाण्याची आमटी आणि भाजी. वरी हे भरडधान्य आहे, साबुदाण्यापेक्षा कितीतरी बरं, पण त्यानेही साखर वाढते, म्हणून वाटी एकच. राजगिऱ्याची भाकरी चालत असेल तर उत्तम. केळं घ्यायचं तर अर्धं, आणि दह्यासोबत. दर तीन-चार तासांनी थोडं काहीतरी पोटात गेलं पाहिजे. भेंडी चालते की नाही, काकडी चालते की नाही यावर वाडीवाडीत एकमत नसतं, तेव्हा तुमच्या घरात जे चालतं त्यातलंच निवडा. सैंधव घालत असाल तर तेही मोजून घाला. रक्तदाबाला सैंधव आणि साधं मीठ यांत फारसा फरक नाही.

संकष्टीचा प्रश्न वेगळा आहे. दिवसभर जवळजवळ काही नाही, मग चंद्रोदयाला, कधी नऊ, कधी साडेनऊ वाजता, भात-वरण-मोदक-तळण एकदम. साखर आधी तळाला आणि मग आभाळाला. दिवसा दूध, फळ, ताक घेत राहा, आणि चंद्राला ओवाळल्यावर साधं जेवा : आधी भाजी-कोशिंबीर, मग वरण, शेवटी भात एक मूद. मोदक एक, आणि तो खाल्लात तर भात तेवढा कमी. नैवेद्य एकवीस मोदकांचा असू दे, देवाला कमी करू नका. प्रसाद वाटायचा असतो. उकडीचा मोदक तळलेला नसतो हे चांगलंच, पण गूळ म्हणजे साखर नव्हे असं जे आपल्याकडे म्हणतात ते मनावर घेऊ नका. रक्ताला दोन्ही सारखेच.

काकू, तुमच्या मुलाच्या कागदाला सर्वांत जवळचं असं एक जेवण आपल्या धर्मात आहे, आणि ते आता चार दिवसांवर आलं आहे. ऋषिपंचमीची भाजी. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणजे नांगरट करून काढलेलं धान्य नाही. परसातलं, हाताने लावलेलं, नाहीतर आपोआप उगवलेलं. अळूची पानं आणि देठ, लाल माठ, सुरण, भोपळा, शिराळं, पडवळ, भेंडी, मक्याच्या कणसाचे तुकडे, चवळीच्या कोवळ्या शेंगा, आंबटाला आमसूल किंवा चिंच, वरून मूठभर खोबरं. कित्येक घरांत फोडणीसुद्धा नसते, तेलाचा थेंब नाही. एका पातेल्यात सात-आठ भाज्या, पालेभाजी, कंद, शेंग, फळभाजी सगळं आलं. सरकारी ताटात ४०० ग्रॅम भाजी लिहिलेली असते आणि आपण विचारतो की एवढी भाजी कोण खाणार. ऋषिपंचमीला आपण सहज खातो, दुसऱ्यांदा वाढून घेतो. अळूला खाज असते म्हणून आंबट घालायचं, हे आपल्या आज्यांना कुणी प्रयोगशाळेत शिकवलं नव्हतं. ही भाजी वर्षातून एकदाच का करायची? पावसाळाभर दर सोमवारी करा. तुमचा सोमवार साजरा होईल, मुलाचं ताटही भरेल. शिवाय पहिल्या पावसाचा टाकळा, मग कुर्डू, भारंगी, फोडशी हे सगळं फुकट उगवतं आणि आपण बाजारातून कोबी आणतो.

मासे-अंड्यांचं आता. तुमच्या घरी एरवी मासे होतात असं पत्रावरून वाटतं. तर एरवी जरूर खा. बांगडा आणि तारली यांच्या चरबीत हृदयाला हितकर असं ओमेगा-३ भरपूर असतं, आणि हे दोन्ही आपल्याकडे पापलेट-सुरमईपेक्षा स्वस्त. रव्यात घोळवून तळण्यापेक्षा कालवण किंवा तिखलं करा. सुकी मच्छी मात्र रक्तदाबाच्या माणसाने हात आखडून खावी, तिच्यात मीठ ठासून भरलेलं असतं. वाळवणीची सवय असेल तर दोनदा पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्या.

आणि श्रावणात नको. त्याचा धर्मार्थ आहेच, पण व्यवहारही आहे. जून-जुलैत माशांच्या विणीचा काळ म्हणून सरकारच यांत्रिक बोटींना बंदी घालतं, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन कोळी होड्या लोटतात. दर्यालाही विसावा द्यायचा ही आपल्या किनाऱ्याची जुनी समज आहे. त्या दिवसांत प्रथिनं कुठून येणार हा मुलाचा प्रश्न रास्त आहे, त्याला कुळीथ दाखवा. शंभर ग्रॅम कुळथात वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. पिठी, कुळथाचं कळण, मोड आलेल्या कुळथाची उसळ. काळ्या वाटाण्याचं सांबारं, चवळी, मुगाचं बिरडं. कांदा-लसूण नको तर नको, हिंग-जिरं-खोबऱ्याने चव येते. फक्त अट एक. पिठी भाताबरोबर चमचाभर नको, वाटीभर हवी. भात तोंडी लावायला आणि पिठी पोटभर, असं उलटं करा. रात्रीचा भात बंद करून नाचणीची एक भाकरी करा. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, तुमच्या वयाच्या बाईच्या हाडांना ते हवंच.

नारळ सोडा असं मी कोकणात राहून म्हणणार नाही. पण खोबऱ्यात चरबी भरपूर आहे आणि तीही बरीचशी संपृक्त, म्हणजे गारव्यात थिजणारी. ज्या भाजीत खोबरं, त्या भाजीत तेल अर्ध्या चमच्यावर आणा. सोलकढी जेवताना घ्या, पण पातळ आणि बिनसाखरेची.

सूनबाईबद्दल मी अगदी स्पष्ट सांगते. पाचव्या महिन्यात निर्जळी हरितालिका करायची नाही. पाणी नाही, अन्न नाही, त्यात भाद्रपदातली उमस, रात्रीचं जागरण आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मोदकांचा राबता. चक्कर येते, लघवीचा त्रास होतो, पोट आवळून येऊ शकतं. आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या दर दोन बायकांपैकी एकीपेक्षा जास्त बायकांना रक्तक्षय आहे, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा हा आकडा ५४.२ टक्के होता. आपल्या सुनेचं हिमोग्लोबिन किती आहे ते तिला आधी विचारा. तिने वाळूची पिंडी करावी, पूजा करावी, कहाणी ऐकावी, आणि फळं, दूध, ताक, खजूर, राजगिऱ्याचे लाडू दिवसभर घेत राहावं, पाणी भरपूर प्यावं. लोहाची गोळी चुकवू नये, ती चहाबरोबर घेऊ नये. हे तिला तुम्ही सांगा. सासूने तोंडाने ‘चालेल गं’ म्हटलं की सुनेच्या मनावरचं ओझं उतरतं. मुलाने किंवा डॉक्टरने सांगून ते उतरत नाही.

आणखी एक, जे तुम्ही लिहिलं नाहीत. गणपतीत पंचवीस पानं उठतील आणि तुम्ही सगळ्यात शेवटी, उभ्या उभ्या, उरलंसुरलं खाल. साखरेच्या माणसाने जेवणाची वेळ चुकवणं हा तुमच्या सगळ्या उपासांपेक्षा मोठा धोका आहे. नैवेद्य दाखवला की पहिल्या पंगतीला बसा. ‘अन्नं न निन्द्यात्’ हे व्रत म्हणून तैत्तिरीय उपनिषदात सांगितलं आहे, आणि घरच्या अन्नपूर्णेला उपाशी ठेवणं ही अन्नाची निंदाच आहे असं मी मानते. वाढायला यजमान आहेत, मुलगा आहे.

मुलाला माझा निरोप द्या. त्याची काळजी खरी आहे आणि त्याने आणलेला कागद चांगला आहे, तो भिंतीवर राहू दे. पण ‘बंद कर’ म्हटल्याने आईचे तीस वर्षांचे उपास बंद होत नाहीत, ती फक्त लपून करायला लागते, आणि लपून केलेल्या उपासात साखर उतरली तर कळायला कुणी जवळ नसतं. त्याला आईसाठी काही करायचंच असेल तर शास्त्राने दिलेली प्रतिनिधीची सोय आहे. महिन्याची संकष्टी त्याने पुण्यात धरावी आणि आईला फोन करून सांगावं, ‘आज तुझी माझ्याकडे.’ साखर मोजायचं छोटं यंत्र त्याने गणपतीला येताना घेऊन यावं, पट्ट्यांसकट. उपासाच्या दिवशी सकाळी, दुपारी चारला आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजा, एका वहीत तारीख घालून लिहा. ७० च्या खाली आकडा आला तर त्या दिवशीचा उपास तिथेच सोडायचा, देवापुढे हात जोडून, जेवून. ती वही पुढच्या खेपेला डॉक्टरांना दाखवा, म्हणजे गोळ्यांचं ते नीट ठरवतील.